हलवता येणारी वाक्यं

(आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून)

सप्रेम नमस्कार. मी 27 वर्षांची. कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेत एलिमेंटरी दिली होती, इंटरमिजिएट राहिली ती राहिलीच. पण गेली काही वर्षं प्रदर्शनं बघायचा नाद लागलाय आणि आजच्या चित्रकलेवर नीट, समीक्षेच्या अंगानं लिहायला शिकायचंय. मध्यंतरी एका चित्रकार मित्राच्या सोलो शोवर लेख लिहिला. एका छोट्या मासिकानं छापला, ओळखीच्यांनी वाहवा केली. मित्र मात्र म्हणाला, "छान आहे गं, पण हे मीच लिहिलंय. माझं स्टेटमेंट तू लांबवलंस फक्त." (स्टेटमेंट म्हणजे चित्रकार स्वतःच्या कामाविषयी लिहून लावतो तो मजकूर.) तेव्हापासून हात थांबलाय. मला मुळात लिहायचा हक्क आहे का? आणि जे आवडलं नाही ते पुण्यात राहून कसं लिहायचं, इथे तर सगळे सगळ्यांना ओळखतात. लेखाची प्रत जोडली आहे. ता. क. यासाठी एखादा कोर्स करावा का? नोकरी सोडून?

*

तुमचा मित्र भला माणूस दिसतो. बहुतेक चित्रकार असा लेख आला की कात्रण फाइलला लावतात आणि गप्प बसतात.

लेख वाचला. भाषा चांगली आहे, शुद्धलेखन चोख आहे, हे आधी सांगते, कारण पुढचं तेवढं गोड नाही. संपूर्ण लेखात चित्रं किती होती, केवढी होती, कशानं रंगवली होती, यातलं काहीही मला कळलं नाही. एके ठिकाणी "मातकट रंग" एवढं येतं आणि मी सरसावून बसले, तर पुढच्याच ओळीत ते रंग "मातीशी तुटत चाललेल्या नात्याचं सूचन" झाले आणि रंग गेला तो गेलाच. तुमचा मित्र स्वतःच्या कामाविषयी काय समजतो ते मला कळलं. भिंतीवर काय होतं ते कळलं नाही.

आता एक करा. लेखाची एक प्रत काढा आणि पेन्सिल घेऊन बसा. प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा : हे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्या प्रदर्शनावरच्या लेखात ठेवलं तर चालेल का? "रंगांचे थर स्मृतींचे थर होऊन येतात." चालेल. पुण्याच्या बालगंधर्व कलादालनापासून मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीपर्यंत कुठेही चालेल. "माणूस आणि शहर यांच्यातल्या ताणलेल्या नात्याचा शोध." हेही चालेल. अशी हलवता येणारी सगळी वाक्यं खोडा. मी खोडून बघितली. "डाव्या भिंतीवरच्या लहान चित्रांपाशी लोक जास्त वेळ थांबत होते, मोठ्यांपाशी नाही," हे एक वाक्य उरलं, आणि ते मला फार आवडलं. ते तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे. मित्राच्या स्टेटमेंटमध्ये ते असणं शक्यच नाही. असं का होत होतं, हे शोधत गेला असता तर लेख तिथून सुरू झाला असता.

हक्काचं विचारलंत. सवाई गंधर्व महोत्सवात मध्यंतरात चहाच्या रांगेत उभं राहून कान द्या. त्या रांगेतल्या दहांतल्या नऊ जणांना सा लावता येत नसेल. पण "विलंबित छान बांधला, द्रुतात मात्र घाई केली", "तबला फार वर आला होता", "तार षड्जाला उगाच जाऊन आला, गरज नव्हती" ही भाषा त्यांच्या तोंडी सहज असते. 1953पासून हा महोत्सव चालू आहे, घरोघरी दोन-तीन पिढ्यांचे कान त्यावर तयार झालेत, आणि तिथे कुणी कुणाला विशारद झालात का म्हणून विचारत नाही. हीच माणसं चित्रासमोर उभी राहिली की "छान आहे" किंवा "आपल्याला काही कळत नाही बुवा" यापलीकडे जात नाहीत. त्यांची बुद्धी तीच, फक्त डोळ्याला तेवढे तास मिळालेले नाहीत. "द्रुतात घाई केली" हे मत आहे की वर्णन? दोन्ही आहे. वर्णन इतकं नेमकं आहे की मत त्यातच आलं. चित्रावर लिहिताना तुम्हाला तिथपर्यंत पोचायचंय, आणि एवढं जमलं तर हक्क वगैरे कुणी काढणार नाही.

वर्णनावर मी एवढी अडून बसते त्याला पुण्यातलं एक साधं व्यावहारिक कारणही आहे. इथली बरीचशी प्रदर्शनं भाड्यानं घेतलेल्या जागेत होतात. बालगंधर्व कलादालन असो, घोले रोडचं राजा रविवर्मा कलादालन असो, महापालिकेच्या जागा. चित्रकार पदरचे पैसे घालून काही दिवसांसाठी दालन घेतो, आणि तुमचा लेख छापून येईपर्यंत चित्रं टेम्पोत बसून घरी गेलेली असतात. म्हणजे तुमचा वाचक ते प्रदर्शन बघणारच नाही. कॅटलॉग असलाच तर चार पानी. पाच वर्षांनी कुणाला विचारावंसं वाटलं की त्या वर्षी त्या मुलीनं काय रंगवलं होतं, तर तुमच्या दीड पानाखेरीज कदाचित काहीही शिल्लक नसेल. त्यात "अंतर्मनाचा वेध" असेल तर त्या माणसाच्या हाती काय लागणार?

मग बघायचं कसं? ओपनिंगला जाऊ नका. म्हणजे जा, मित्र आहे, पण लिहिण्यासाठी जाऊ नका. ओपनिंगला सगळ्यांची पाठ चित्रांकडे असते; दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं "मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण" असं सुरू होणारं भाषण, मग समोसा. मधल्या दिवशी दुपारी जा. दालन रिकामं असतं, चित्रकार कोपऱ्यात खुर्चीवर कंटाळलेला असतो. तुम्ही आत शिरलात की तो उठून समजावून सांगायला येईल. त्याला हसून सांगा, आधी बघते, मग बोलू. स्टेटमेंटचा बोर्ड दाराशीच लावलेला असतो, त्याच्याकडे नजर न वळवता पुढे जा. कठीण आहे, डोळा अक्षरांकडे आपोआप ओढला जातो. फोन पर्समध्येच ठेवा. फोटो काढला की मन म्हणतं, झालं बघून.

सगळी चित्रं एकदा भरभर बघा आणि त्यातलं एक निवडा. आवडलेलंच हवं असं नाही, पाय जिथे अडला ते. त्याच्यासमोर वीस मिनिटं. पहिल्या पाचात कंटाळा येतो, हे धरून चाला. वहीत लिहायला लागा : हाताच्या वितीत किती मोठं आहे, कुठल्या उंचीवर टांगलंय, कडा रंगवल्यात की कॅनव्हास तसाच मागे वळवलाय, रंग दाट बसलाय की पातळ वॉश आहे, ब्रशचे फराटे दिसतात की नाइफनं, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीनं, ओढलंय, कुठे आधीचा रंग खालून डोकावतोय, कुठे चित्रकारानं हात आवरता घेतलाय. लेबलवर "मिक्स मीडिया" असेल तर त्यावर समाधान मानू नका. मिक्स म्हणजे काय मिक्स? ॲक्रिलिकवर कोळसा? छापील कागद चिकटवून वर रंग? तेच चित्रकाराला विचारा. "याचा अर्थ काय" असं विचारलंत तर तो पुन्हा स्टेटमेंट म्हणून दाखवेल. "हे कसं केलंत" असं विचारलंत तर त्याचा चेहरा खुलेल आणि तुम्हाला खरी माहिती मिळेल. हे माझ्या पाहण्यात तरी कधी चुकलेलं नाही.

क्रियापदांकडे लक्ष द्या. वासुदेव गायतोंडे (1924–2001) यांच्या चित्राचा फोटो फोनवर बघितला तर पिवळा किंवा करडा धूसर पट्टा दिसतो आणि माणूस लगेच "ध्यान", "शांतता", "झेन" असं लिहू लागतो. प्रत्यक्ष चित्रापुढे उभं राहिलं की कळतं, इथे रंग रोलरनं पसरलाय, नाइफनं खरवडलाय, कागद दाबून ओला रंग उचललाय, मग त्यावर पुन्हा पातळ थर दिलाय. उजेड आतून आल्यासारखा वाटतो तो या उचलण्या-पसरण्यातून. पसरणं, खरवडणं, उचलणं ही क्रियापदं तुमच्या लेखात आली की "शांतता" हा शब्द लिहायची गरज राहत नाही. गायतोंडे स्वतः "ॲबस्ट्रॅक्ट" हा शब्दसुद्धा नाकारायचे, आपलं काम नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेलं, आहे म्हणायचे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं 2014मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं त्यानंतर तर आपल्याकडे गायतोंड्यांवर धुकंच धुकं लिहिलं गेलं.

हे कॅनव्हासचं झालं. मांडणशिल्पापुढे, ज्याला सगळे इन्स्टॉलेशनच म्हणतात त्याच्यापुढे, लिहिणारा जास्त घाबरतो. खरं तर तिथे वर्णन सोपं असतं, कारण वस्तू ओळखीच्या असतात. बंगळूरच्या शीला गौडा यांचं 1998चं एक काम घ्या. सुयांमधून दोरा ओवायचा, असे अनेक दोरे एकत्र करून डिंक आणि कुंकवात भिजवून त्याचे लाल दोर करायचे, आणि ते लांबच लांब दोर भिंतीवरून, जमिनीवरून वळत न्यायचे. टोकाला सगळ्या सुयांचा झुपका लोंबत राहतो. मी वर केलं ते फक्त कृतीचं वर्णन आहे. पण सुई, दोरा, कुंकू ऐकताच तुमच्या मनात काहीतरी हललं असेल. लंडनच्या समीक्षकाला कुंकू म्हणजे काय ते तळटीप देऊन सांगावं लागतं, तुम्हाला ते देव्हाऱ्यातून आणि कपाळावरून माहीत आहे. ही तुमची जमेची बाजू. मात्र याच जागी घसरणही आहे. "स्त्रीची वेदना" असं लिहून मोकळं होण्याचा मोह होतो, आणि कामाच्या नावातच ('अँड टेल हिम ऑफ माय पेन') वेदनेचा उल्लेख असल्यामुळे तो दुप्पट होतो. थांबा. दोर सुंदर आहेत का? बघताना शहारा येतो की आधी रंग ओढून घेतो? सुया टोचणाऱ्या असूनही त्यांचा झुपका दागिन्यासारखा दिसतो का? या प्रश्नांची उत्तरं नावात नाहीत, ती बघणाऱ्यालाच द्यावी लागतात.

पहिलं सुचेल ते वाक्य बहुधा सगळ्यांनाच सुचलेलं असतं, हे लक्षात ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे प्रभाकर पाचपुते कोळशानं चित्रं काढतात, कधी थेट भिंतीवर. घरची माणसं कोळसा खाणीत कामाला होती. "कोळशाची कथा कोळशानंच" हे वाक्य त्यांच्यावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला सुचलंय. खोटं नाही, पण ते दारातलं वाक्य आहे. आत गेलं की वेगळंच काही दिसतं : माणसाच्या धडावर डोक्याऐवजी अवजार किंवा यंत्र का येतं, आणि भिंतीवर काढलेलं चित्र प्रदर्शन संपल्यावर पुसलंच जाणार असतं, मग त्याचं काय? तसंच सुधीर पटवर्धनांचं. जन्म पुण्याचा, 1949चा. इथल्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डॉक्टर झाले, पुढे ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट म्हणून बरीच वर्षं काम केलं आणि चित्रकला स्वतःच शिकले. झालं, लगेच "एक्स-रेची नजर". आयुष्यातला एक चटपटीत तपशील हाती लागला की त्यानं सगळी चित्रं उघडतात असं वाटतं. पण त्यांच्या शहरचित्रांत एकाच वेळी अनेक जागांवरून पाहिल्यासारखा जो अवकाश येतो, वरून दिसणारी वस्ती आणि समोरून दिसणारा माणूस एकाच कॅनव्हासवर नांदतात, त्याला एक्स-रे काय उत्तर देणार? (आणि हो, चित्रकलेचं औपचारिक शिक्षण नसण्याबद्दल तुम्हाला फारच वाईट वाटत असेल, तर त्यांच्याकडे बघा. इथे तर चित्रकारच शिक्षणानं डॉक्टर आहे.)

आता स्टेटमेंट. ते वाचायचंच नाही असं मी म्हणत नाही. पहिला खर्डा लिहून झाल्यावर वाचा, आणि बँकेत कर्जाचा अर्ज वाचता तसं वाचा : अर्जदार काय म्हणतोय, आणि कागदपत्रं कुठे आहेत? "मी विस्थापनाच्या अनुभवाचा शोध घेतो." ठीक. कुठल्या चित्रात? कशातून? दिसलं तर तसं लिहा. दिसलं नाही तर "चित्रकाराचा दावा हा आहे, मला मात्र चित्रात हे दिसलं" असं लिहा. लेखाला इथे पहिल्यांदा धार येते. गॅलरीच्या कॅटलॉगमधला क्युरेटरचा, म्हणजे प्रदर्शनाची निवड-मांडणी करणाऱ्याचा, मजकूर तर जवळजवळ नेहमीच गॅलरीनं मागवलेला, बहुधा पैसे देऊन लिहून घेतलेला असतो. त्यात गैर काही नाही. पण त्यातली वाक्यं उचलून लिहिलेली समीक्षा म्हणजे जाहिरातीची री ओढणं.

ही कॅटलॉगी भाषा येते कुठून, याचा एक गमतीदार शोध 2012मध्ये अमेरिकेत दोघांनी घेतला होता. ई-फ्लक्स नावाच्या सेवेतून जगभरच्या कलासंस्थांची प्रदर्शन-निवेदनं ईमेलनं जातात. त्यांनी तेरा वर्षांची निवेदनं गोळा करून संगणकावर भाषा तपासायच्या साधनातून काढली. निघालं असं की ही एक स्वतंत्र बोलीच झाली आहे. साध्या विशेषणांची अवजड नामं होतात, एका गोष्टीऐवजी दोन-दोन, तीन-तीन गोष्टी जोडीनं येतात, आणि थोड्या शब्दांत सांगता येईल ते नेहमीच जास्त शब्दांत सांगितलं जातं. लिहिणारे एकमेकांचं वाचून तसंच लिहितात, कारण तसं लिहिलं की आपण आतल्या गोटातले वाटतो. मराठीत वेगळं काही घडत नाही. आपल्याकडे दोन बोली आहेत. एक वर्तमानपत्री : "कुंचल्यातून साकारलेली रंगांची उधळण". दुसरी विद्यापीठी : "अस्तित्वाच्या परिघावरील अवकाशाला छेद देणारी दृश्यप्रतिमा". पहिलीत गोडवा जास्त, दुसरीत पीठ जास्त. दोन्हींतलं एकही वाक्य जागचं हलवायला कष्ट पडत नाहीत.

मराठीत सौंदर्यशास्त्राची जुनी, मजबूत परंपरा आहे, तिचा उपयोग करा, पण बेतानं. मर्ढेकरांनी मांडलेली संवाद, विरोध, समतोल ही तत्त्वं घेऊन चित्रासमोर उभं राहिलात तर रंग-आकारांची बांधणी बघायला खरोखर मदत होते. गौडांच्या कुंकवाच्या दोरापुढे मात्र ती अपुरी पडतात, कारण तिथे ती वस्तू कुठून आली, कुणाच्या हातातून आली, हाच अर्थाचा मोठा भाग आहे. प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' (1990) जरूर वाचा. चित्रकार काम करताना काय विचार करतो ते त्यांनी साध्या मराठीत लिहिलंय, आणि मराठीत हे लिहिता येतं याचा धीर येतो.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न, भिडेचा. पत्रात तो तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर टाकला आहे, पण हात त्यानंच थांबलाय असा माझा संशय आहे.

कला समीक्षेच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली शिवी इंग्रज समीक्षक जॉन रस्किनची. 1877मध्ये लंडनमध्ये चित्रकार व्हिसलरचं एक चित्र लागलं होतं : थेम्सकाठच्या बागेतली रात्रीची आतषबाजी, काळोखात विझत पडणाऱ्या ठिणग्या. किंमत दोनशे गिनी. रस्किननं लिहिलं की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचे हा दीडशहाणा दोनशे गिनी मागतो. व्हिसलरनं बदनामीचा दावा लावला, 1878मध्ये जिंकला, आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खटल्याच्या खर्चानं पुढच्या वर्षी त्याचं दिवाळं निघालं. रस्किन मोठा लेखक, बघण्याबद्दल त्याच्याइतकं बारकाईनं फार थोड्यांनी लिहिलंय. पण या एका वाक्यात त्यानं काय बघितलं? काही नाही. चित्रात काळोख किती आहे, ठिणग्या कशा टिंबल्यात, त्या जागच्या जागी गोठल्यासारख्या वाटतात की पडताना दिसतात, एक अक्षर नाही. आहे ती किंमत आणि माणसाचा उर्मटपणा. चित्र अपुरं आहे असं त्यानं दाखवून दिलं असतं तर ते आज वाचताना आपल्याला त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

नेमका हाच फरक आपल्या कायद्यानंही ओळखला आहे, आणि भित्र्या समीक्षकांनी तो भिंतीवर लावावा इतका सुंदर आहे. 1860च्या भारतीय दंड संहितेच्या 499व्या कलमात बदनामीला काही अपवाद दिलेत. सहावा अपवाद असा की, एखाद्यानं आपली कृती लोकांच्या अभिप्रायासाठी पुढे ठेवली असेल तर तिच्याविषयी सद्भावनेनं दिलेलं मत बदनामी ठरत नाही. त्याखाली उदाहरण दिलंय. "अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तो दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे" असं म्हटलंत तर तुम्ही अपवादात बसता, कारण पुस्तकातून जेवढं दिसतं तेवढ्यापुरतंच तुम्ही बोलता आहात. पण "त्याचं पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात नवल नाही, तो आहेच तसा" असं म्हटलंत तर बसत नाही. जुलै 2024पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. तिच्या 356व्या कलमात हा अपवाद कायम आहे. चित्रातून माणसाकडे जितकं दिसतं तितकंच जा. माणसाकडून चित्राकडे येऊ नका. अमुक एक मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये नापास झाला होता, तमकीचे वडील बिल्डर आहेत म्हणून शो लागला, हे चहाच्या टपरीवर राहू द्या. (लेखासोबत चित्राचा फोटो छापायचा असेल तर 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमात समीक्षेसाठी सूट आहे. तरी विचारून घ्यावा, आणि चित्रकाराचं नाव न विसरता द्यावं.)

कायद्याचं सोपं आहे हो, पुण्याचं अवघड आहे. ज्याच्याबद्दल लिहिलंत तो पुढच्या रविवारी लक्ष्मी रोडवर भेटणार. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. समीक्षेत तर ती सख्खी. काही पथ्यं मात्र पाळता येतात. मित्रावर लिहायचं असेल तर तो मित्र आहे हे लेखात एका वाक्यात सांगून टाका, वाचक त्याप्रमाणे मीठ घालून वाचेल. ज्याच्या कॅटलॉगमध्ये लिहिलंत त्याच प्रदर्शनाची समीक्षा लिहू नका. चित्र भेट म्हणून घेऊ नका, छोटं स्केचसुद्धा. आणि किती कडक व्हायचं ते समोर कोण आहे ते पाहून ठरवा. टिळक रोडच्या अभिनव कला महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला मुलगा उसनेपासने करून पहिला शो लावतो, त्याला सोलून काढण्यात पराक्रम नाही; तिथे जमलेलं एखादं काम शोधून ते का जमलं हे नेमकं लिहा, न जमलेल्याचं मौन त्याला बरोबर समजतं. कोरेगाव पार्कातल्या गॅलरीत लाखोंनी विकला जाणारा, नाव झालेला चित्रकार वीस वर्षं तोच घोडा, तोच गणपती, तोच वाडा रंगवत असेल, तर मात्र तसं स्पष्ट लिहा. त्याला काही होत नाही. वाचकाला होतं.

आणि टोमणा मारू नका. पाटीवरच्या वाक्यासारखं चटकदार वाक्य लिहायची आपल्या शहराला खोड आहे, टाळ्या पडतात, पण त्या तुम्हाला पडतात आणि चित्र बाजूलाच राहतं. "रंग स्वस्त झालेत वाटतं" असं लिहिण्यापेक्षा "आठही चित्रांत एकच निळा, थेट ट्यूबमधला, कुठेही न मिसळलेला, त्यामुळे सकाळ आणि रात्र सारखीच दिसते" असं लिहा. हे जास्त लागतं, आणि चित्रकाराला त्यातून काही घेताही येतं.

पुण्याबाहेरही बघा. फक्त पुणं बघून लिहिणाऱ्याचा वकूब पुण्याएवढाच राहतो, हे कटू असलं तरी खरं आहे. महिन्यातला एखादा शनिवार डेक्कन क्वीननं मुंबई गाठा : एनजीएमए म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, समोरच्याच पट्ट्यात 1952पासून उभी असलेली जहांगीर, आणि कुलाबा-फोर्टातल्या खासगी गॅलऱ्या, जिथे घंटी वाजवून आत जावं लागतं आणि आत गेल्यावर कुणी हाकलत नाही. शनिवारच, कारण रविवारी खासगी गॅलऱ्या बहुतेक बंद, आणि एनजीएमए सोमवारी बंद. 2012पासून कोचीचं बिनाले, म्हणजे साधारण दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, होतंय, डिसेंबरात सुरू होऊन पुढचे काही महिने चालतं. एकदा चार दिवस रजा टाकून जाऊन या. एलटीए, म्हणजे रजेतल्या प्रवासाचा भत्ता, कधीतरी सत्कारणी लागू दे.

ता. क.ला उत्तर. नोकरी मुळीच सोडू नका. चित्रांवर मराठीत लिहून वीजबिल भागत नाही, आणि पगार चालू असला की गॅलरीवाल्याची मर्जी सांभाळावी लागत नाही. कोर्स करायचाच तर कलेतिहासाचा, संध्याकाळचा किंवा शनिवार-रविवारचा करा. समीक्षा लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळेला सध्या तरी पैसे घालू नका. त्याआधी मित्राच्या प्रदर्शनावरचा लेख पुन्हा लिहा. चित्रं आता त्याच्या घरी किंवा स्टुडिओत असतील, जाऊन परत बघा, आणि लहान चित्रांपाशी लोक का थांबत होते तिथून सुरुवात करा. सहाशे शब्दांच्या वर जाऊ नका. जमल्यास मला पाठवा, पण आधी त्याला दाखवू नका.